टॉवर नसलेल्या धावपट्टीवर कोण कुणाला वाट देतं?

नागपूर सोडलं तर विदर्भातल्या बाकी धावपट्ट्या लहान: गोंदियाची बिरसी, अमरावतीची बेलोरा, अकोल्याची शिवणी, चंद्रपूरची मोरवा, यवतमाळची. लहान ठिकाणी टॉवर (विमानांच्या रहदारीला सूचना देणारा नियंत्रण कक्ष) असला तरी त्याची ठरलेली वेळ असते. ती वेळ संपली, किंवा मुळात टॉवरच नसला, की आकाशात कुणी कुठे असावं हे वैमानिकांना आपापसांत जमवावं लागतं. या महिन्याच्या टपालात याच विषयावरची पत्रं सर्वांत जास्त होती. म्हणून हे सदर पूर्ण त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : आमचं वावर मोरव्याच्या पट्टीजवळ आहे. शिकाऊ विमान गोल गोल फिरते अन् सदा डावीकडेच वळते. काहून? अन् खाली सांगणारा कोणी नाही तं दोन विमानं एकमेकांवर येत कशी नाहीत?
– एक शेतकरी, चंद्रपूर तालुका

उत्तर : भाऊ, तुम्हाला खालून गोल वाटतो तो खरं तर धावपट्टीला लागून आखलेला लांबट चौकोन असतो. वैमानिक त्याला सर्किट म्हणतात. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि सरळ चढतं. मग डावीकडे वळून धावपट्टीपासून आडवं दूर जातं, ती क्रॉसविंड बाजू. पुन्हा डावीकडे वळलं की धावपट्टीला समांतर, पण उलट दिशेने, वारा पाठीशी घेऊन जातं. ती डाऊनविंड. तिसऱ्या वळणानंतर बेस आणि चौथ्यानंतर फायनल, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरणं. डाऊनविंडवर उंची जमिनीपासून साधारण १,००० फूट असते आणि धावपट्टी एक-दीड किलोमीटरवर दिसत असते.

मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसतो. डावं वळण घेतलं की धावपट्टीही त्याच्या खिडकीत आणि पुढचं विमानही. वेगळी सूचना नसेल तर विमानतळाजवळची सगळी वळणं डावीकडे, हे आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. एका अंगाला डोंगर, वस्ती किंवा मनाईचं क्षेत्र असेल तर तिथे उजवं सर्किट ठरवून दिलेलं असतं. ते निघण्याआधी कागदावर वाचून घ्यायचं असतं.

आता टकरीचं. सगळे त्याच चौकोनात, त्याच दिशेने, त्याच उंचीवर, एकामागे एक असले की प्रत्येकाला दुसरा कुठे सापडेल हे आधीच ठाऊक असतं. आकाशात विमान शोधणं फार कठीण, पण नेमक्या ठिकाणी बघितलं तर ते दिसतं. म्हणून बाहेरून येणाऱ्यानेही मधूनच घुसायचं नाही. एक चांगली पद्धत अशी: धावपट्टीवर २,००० फुटांवरून जायचं, खाली विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघायचा, कोण कुठे आहे ते मोजायचं, सर्किट नसलेल्या बाजूला जाऊन १,००० फुटांवर उतरायचं, धावपट्टीचं उडण्याकडचं टोक ओलांडायचं आणि मग डाऊनविंडला लागायचं. यात चार-पाच मिनिटं जास्त जातात. ती वाचवण्यासाठी सर्किटमध्येच खाली उतरत शिरणं सर्वांत धोक्याचं, कारण उतरणाऱ्याच्या पोटाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही आणि खालच्याला डोक्यावर काय आलंय ते.

प्रश्न : इन्स्ट्रक्टर सर सारखं "बाहेर बघ" म्हणतात. मी बघते, तरी दुसरं विमान अगदी जवळ आल्यावरच दिसतं. नेमकं कसं बघायचं?
– एक विद्यार्थिनी वैमानिक, गोंदिया जिल्हा

उत्तर : ताई, डोळ्यांत दोष नाही. टकरीच्या मार्गावरचं विमान डोळ्याला सर्वांत उशिरा जाणवतं, हा या विषयातला मूळ पेच आहे.

दोन विमानं सरळ मार्गाने एकाच बिंदूकडे निघाली असतील तर समोरचं विमान तुमच्या काचेवर हलतच नाही. एकाच जागी ठिपका राहतो, बराच वेळ बारीकच, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगतो. आपली नजर हालचाल चटकन पकडते आणि स्थिर ठिपका सोडून देते. काचेवर सरकणारं विमान तुमच्यावर येत नसतं. न सरकता मोठं होणारं येत असतं. ठिपका सरकत नाही असं दिसलं की ओळख पटायची वाट न बघता मार्ग बदला.

वेळेचा हिशेब बघा. काही तरी दिसायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १, ते आपल्यावर येतंय हे उमगायला ५, कुठे वळायचं ते ठरवायला ४, हात हलायला ०.४ आणि विमान प्रत्यक्ष वळायला २. एकूण १२.५ सेकंद. ९० नॉटची (ताशी ९० सागरी मैल वेगाची) दोन विमानं समोरासमोर असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला ९२ मीटरने घटतं. म्हणजे निदान १,१५० मीटरवर ते दिसायला हवं. त्या अंतरावर सेसना १७२ या लहान विमानाचे ११ मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राएवढे रुंद दिसतात, तेही एक बारीक रेघ म्हणून. मधला धड भाग त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा.

म्हणून नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेली तर काहीच हाती लागत नाही, कारण सरकत्या नजरेला बारीक वस्तू दिसत नाही. आकाशाचे सुमारे १० अंशांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यावर निदान एक सेकंद नजर थांबवा. हात पुढे ताणून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. वीस सेकंदांत आतल्या (वेग, उंची दाखवणाऱ्या) घड्याळांकडे फार तर तीन-चार सेकंद. आतून बाहेर बघितल्यावर दूरचं स्पष्ट व्हायला डोळ्याला एक-दोन सेकंद लागतात, तेही त्यातच धरा.

मे महिन्यात तुमच्याकडे धूळ, थंडीत धुकं, आणि धान कापल्यावर धुऱ्यांवरचा धूर. अशा पांढरट आकाशात नजरेला टेकायला काही नसलं की डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि दूरचं विमान समोर असून पुसट होतं. दर थोड्या वेळाने क्षितिजावरचं झाड, टाकी किंवा आपल्याच पंखाचं टोक बघा, मग आकाश.

विमान स्वतःही बरंच झाकतं. काचेच्या मधला खांब एका डोळ्याची वाट अडवतो. डोकं पुढे-मागे, बाजूला हलवलं तरच त्यामागचं दिसतं. सेसना १७२ चे पंख वर असतात. वळताना खाली झुकलेला पंख नेमकी वळणाचीच बाजू झाकतो. म्हणून वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलायचा, तिकडे बघायचं, मोठ्याने "लेफ्ट क्लिअर" म्हणायचं आणि मग वळायचं. डायमंड डीए-४० चे पंख खाली, त्याला खालचं दिसत नाही. फायनलवर खाली उंच पंखाचं आणि वर खालच्या पंखाचं विमान असं जोडपं जमलं तर दोघांपैकी कुणालाच दुसरा दिसत नाही. बेसवरून फायनलकडे वळण्यापूर्वी उजवीकडे, फायनलच्या रेषेत लांबवर बघणं कधीही चुकवू नका. टकरी बहुधा दिवसाढवळ्या, स्वच्छ हवेत, विमानतळाजवळ आणि त्यातही फायनलवर होतात. वादळात त्या फारशा होत नाहीत.

शेवटचं, साधं वाटेल पण करा. उड्डाणापूर्वी काच पुसा. काचेवर चिकटलेला एक चिलट आणि तीन किलोमीटरवरचं विमान डोळ्याला सारखंच दिसतं. आणि लँडिंग लाइट दिवसाही चालू ठेवा.

प्रश्न : टॉवर नसेल तर रेडिओवर बोलायचं कुणाशी? आणि समोरून उत्तर आलं नाही तर पट्टी रिकामी समजायची का?
– प्रशिक्षणार्थी, अमरावती

उत्तर : रिकामी अजिबात समजायची नाही. बोलायचं सगळ्यांशी, म्हणजे ऐकत असेल त्या प्रत्येकाशी. काही धावपट्ट्यांवर प्रशिक्षण संस्थेचीच माणसं खालून वारा आणि रहदारीची माहिती देतात. ती माहिती असते, परवानगी नसते. निर्णय वैमानिकाचाच.

कॉलमध्ये पाच गोष्टी हव्यात: विमानतळाचं नाव, आपलं कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), नेमकी जागा, उंची आणि पुढे काय करणार ते. "दहा मैलांवर आहे" हा अर्धा कॉल झाला. कोणत्या दिशेला दहा मैल? "दक्षिणेला दहा मैल, तीन हजार फूट, ओव्हरहेड जॉइन करणार, रनवे टू-सेव्हन" (म्हणजे आधी धावपट्टीच्या वरून जाऊन मग सर्किटला लागणार, आणि २७ आकड्याच्या टोकाकडून उतरणार) असं म्हटलं की ऐकणाऱ्याला मान कुठे वळवायची ते कळतं. पहिला कॉल साधारण दहा सागरी मैलांवर, म्हणजे साडेअठरा किलोमीटरवर. मग सर्किटमध्ये शिरताना, डाऊनविंडवर, बेसवर, फायनलवर आणि धावपट्टी सोडल्यावर. उडणाऱ्याने पट्टीवर चढण्यापूर्वी. बाहेरून येणाऱ्याला गावं ठाऊक नसतात. "टाकीजवळ आहे" किंवा "नदीच्या वळणावर आहे" हे फक्त तिथल्यांनाच कळतं, त्यामुळे दिशा आणि अंतरच सांगा. "कोणी असाल तर कळवा" असं विचारून वाट बघणंही नको. दहा जण एकदम बोलतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही.

शांततेची कारणं बरीच असतात. चुकीची फ्रिक्वेन्सी, कमी केलेला आवाज, बिघडलेला रेडिओ. दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर बाकीच्यांना फक्त किंचाळी ऐकू येते, आणि आपला कॉल गेला असं दोघांनाही वाटतं.

उत्तर आलं तरी ते कुणाचं, हे तपासावं लागतं. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी अमेरिकेतल्या क्विन्सी इथल्या टॉवर नसलेल्या विमानतळावर एक बीचक्राफ्ट १९०० प्रवासी विमान उतरत होतं. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांपैकी दुसरीवर एक किंग एअर विमान उडायच्या तयारीत होतं. उतरणाऱ्यांनी विचारलं, तुम्ही थांबताय ना? उत्तर आलं ते किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या, लहान विमानातून. उतरणाऱ्यांना ते किंग एअरचंच वाटलं. किंग एअर निघालं आणि दोन्ही विमानं धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली. चौदा जण गेले, एकही वाचला नाही. कॉलसाइन नसलेलं उत्तर हे उत्तर मानू नका, पुन्हा विचारा. आणि पट्टीवर चढण्यापूर्वी विमान तिरकं उभं करून फायनल आणि आडवी पट्टी दोन्ही डोळ्यांनी बघा.

प्रश्न : मोठं, वेगवान विमान सर्किट न करता सरळ येऊन उतरू शकतं का? लहान विमान मध्ये असेल तर?
– निवृत्त शिक्षक, वाशिम

उत्तर : सर, बऱ्याच ठिकाणी त्याला बंदी नाही, पण नेमकं इथेच गणित बिघडतं. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे, टॉवर नसलेल्या विमानतळावर, दोन इंजिनांचं सेसना ३४० सरळ फायनलवर आलं. सर्किटमध्ये एक सेसना १५२ होतं. दोघेही रेडिओवर बोलत होते, एकच फ्रिक्वेन्सी होती, हवा स्वच्छ होती. मोठ्या विमानाचा वेग सुमारे १८० नॉट होता. छोट्या विमानातल्या वैमानिकाने, तुम्ही फार वेगाने मागून येताय, असं सांगून गो-अराउंडही (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) सुरू केलं होतं. तरी टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले तिघे गेले.

वेगातला फरक धरून बघा. पुढचं ६० नॉटने आणि मागचं १८० ने येत असेल तर मागचं विमान मिनिटाला दोन सागरी मैल जवळ येतं. तीन मैलांचं, म्हणजे साडेपाच किलोमीटरचं अंतर दीड मिनिटात संपतं. बेसवरच्या लहान विमानाला धावपट्टी गाठून ती मोकळी करायला तेवढा वेळ सहज लागतो. "तीन मैल फायनल" हा शब्द ऐकून शिकाऊ मुलगा आपल्याच वेगाचा हिशेब करतो, त्याला वाटतं वेळ भरपूर आहे.

आमचं मत स्पष्ट आहे. सर्किटमध्ये कुणीही असेल तर वेगवान विमानाने सरळ येऊ नये. यायचंच असेल तर पाच मैल आधीच वेग उतरवावा आणि कॉलमध्ये विमानाचा प्रकारही सांगावा. पुढचं विमान डोळ्यांना दिसलं नाही तर उतरायचा हट्ट सोडून सर्किट नसलेल्या बाजूला वर जावं. लहान विमानाने शंका आली की बेसकडे वळूच नये, डाऊनविंड लांबवावी किंवा सर्किटबाहेर पडावं. फायनलवर वळून झाल्यावर बाजूला व्हायला जागा उरत नाही.

प्रश्न : वाट देण्याचे नियम थोडक्यात सांगाल का? परीक्षा आहे.
– विद्यार्थी, वर्धा

उत्तर : समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. मार्ग एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. इंजिनवाल्या विमानाने ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं), फुगे आणि एअरशिपना (गॅसवर तरंगणाऱ्या नौकांना) वाट द्यायची. मागून ओलांडणाऱ्याने उजवीकडून जायचं, मागून म्हणजे पुढच्याच्या सरळ मागच्या रेषेपासून ७० अंशांच्या आत. उतरणाऱ्यांत खालच्याचा हक्क आधी, पण तो वापरून फायनलवरच्याच्या पुढे घुसायचं नाही. हे वाक्य विद्यार्थी हमखास अर्धंच लिहितात, आणि आकाशातही ते अर्धंच पाळलं जातं.

प्रश्न : मोबाइलवर विमानं दिसतात, मोठ्या विमानांत टक्कर टाळणारं यंत्रही असतं. मग लहान ठिकाणी एवढी धास्ती कशाला?
– शिक्षिका, दारव्हा

उत्तर : ताई, त्या यंत्राचं मोल आपल्या देशाने फार मोठी किंमत मोजून ओळखलं. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. तिथे नियंत्रक होता, पण कझाक विमान दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं. त्यानंतर भारतात हे यंत्र सक्तीचं झालं.

पण ते समोरच्या विमानातल्या ट्रान्सपाँडरशी (ओळख आणि उंची आपोआप कळवणाऱ्या उपकरणाशी) बोलतं. समोर ट्रान्सपाँडर नसेल, बंद असेल किंवा उंची कळवत नसेल तर ते आंधळं किंवा अर्धं आंधळं असतं. शिवाय जमिनीपासून साधारण १,००० फुटांखाली ते "वर चढा, खाली उतरा" असा आदेश देणं थांबवतं, कारण जमीन जवळ असते. सर्किटची उंची तेवढीच आहे. म्हणजे धोका सर्वांत जास्त तिथे यंत्र गप्प. मोबाइलवरचा नकाशा विमानाने पाठवलेले संदेश जमिनीवरच्या रिसिव्हरकडून घेतो. खाली उडणारं विमान दूरच्या रिसिव्हरला दिसत नाही, आणि दिसलं तरी चित्र काही सेकंद जुनं असतं. घरी बघायला ठीक, वर वापरायला नाही.

प्रश्न : हिवाळ्यात माझं सर्किट नीट बसतं, मे महिन्यात मात्र पसरतं आणि मागचं विमान आत शिरतं. माझी चूक कुठे होते?
– विद्यार्थी वैमानिक

उत्तर : चूक थोडी तुमची, बरीचशी उन्हाची. धावपट्टी समुद्रसपाटीपासून १,००० फूट आणि तापमान ४५ अंश असेल तर विमानाला हवा सुमारे ५,००० फुटांवरच्यासारखी विरळ लागते. चढण्याचा वेग साधारण एक तृतीयांशाने घटतो. काटा तोच ८० नॉट दाखवतो, पण प्रत्यक्ष वेग ८६ च्या आसपास असतो. वळणाचा घेर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून जानेवारीच्या थंड सकाळपेक्षा तो बारा-तेरा टक्क्यांनी मोठा होतो. चारही वळणांत ते साचत जातं.

इन्स्ट्रक्टरसह दोघे बसलेलं जड विमान हळू चढतं आणि लांब जाऊन वळतं. मागून एकटा उडालेला हलका विद्यार्थी लवकर उंची गाठतो, आपल्या सवयीने लवकर वळतो आणि पुढच्याच्या आतून डाऊनविंडवर येतो. दोघांनाही वाटतं आपण बरोबर. यावर उपाय आहे. धावपट्टीचं टोक मागे पडल्याशिवाय आणि सर्किटच्या उंचीला ३०० फूट उरेपर्यंत चढल्याशिवाय क्रॉसविंडला वळू नका. पुढे विमान असेल तर ते डोळ्यांना दिसल्यावर आणि तुमच्या बाजूने डाऊनविंडवर उलटं गेल्यावरच वळा. दिसलं नाही तर सरळ चढत राहा आणि विचारा.

अल्टिमीटरचंही (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या काट्याचंही) बघा. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी असतो, फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं माप). एका हेक्टोपास्कलला सुमारे ३० फूट. सकाळची सेटिंग दुपारी तशीच ठेवली तर तुम्ही काट्यापेक्षा शंभरेक फूट खाली उडत असता. टॉवर नसेल तिथे उडण्यापूर्वी काटा धावपट्टीच्या उंचीवर आणून घ्या. बाहेरून येताना जवळच्या मोठ्या विमानतळाकडून, आपल्याकडे बहुधा नागपूरकडून, ताजा दाब रेडिओवर मागून घ्या.

प्रश्न : आमच्या बचत गटाला ड्रोन दीदी योजनेत फवारणीचा ड्रोन मिळाला. आमची पऱ्हाटी आणि तूर धावपट्टीच्या बाजूच्या शिवारात आहे. आम्ही तर दहा फुटांवरून फवारतो, तरी अडचण येईल का?
– ड्रोन चालवणाऱ्या ताई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, आधी नकाशा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र हिरवी मर्यादा फक्त २०० फूट, म्हणजे ६० मीटर. ८ किलोमीटरच्या आत पाऊल टाकण्याआधी परवानगीचं बघावंच लागतं, मग फवारणी दहा फुटांवरून असली तरी. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर वावराच्या जागेवर बोट ठेवलं की रंग दिसतो. रंग बदलू शकतात, म्हणून हंगामात एकदा बघून भागत नाही, फवारणीच्या दिवशी पुन्हा बघा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि तुमचं रिमोट पायलट प्रमाणपत्र तर हवंच.

दहा फुटांवर अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती ड्रोन आपणहून परत येतो तेव्हा. बॅटरी उतरली किंवा सिग्नल तुटला की तो आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग जिथून उडाला त्या जागेकडे निघतो. ही उंची किती ठेवली आहे हे बऱ्याच जणींना दाखवूनच दिलेलं नसतं. आता विमानाचं बघा. साधारण तीन अंशांच्या उताराने येणारं विमान धावपट्टीच्या टोकापासून एक किलोमीटरवर सुमारे २२० फुटांवर, म्हणजे ६५-७० मीटरवर असतं. शिकाऊ विमान त्याहून खालीही येतं. ड्रोनची परतीची उंची ६० मीटर असेल आणि वावर धावपट्टीच्या सरळ रेषेत असेल तर दोघांची वाट एकच झाली.

रिमोटच्या सेटिंगमध्ये जाऊन परतीची उंची बघा. वावरात आणि धुऱ्यावर सर्वांत उंच काय आहे ते मोजा. मोहाचं झाड किंवा विजेचा खांब १२ मीटरचा असेल तर त्यावर ८ मीटर धरून २० मीटर ठेवा, उगाच जास्त नको. टाकी भरायला बसता ती जागा वावराच्या अशा कडेला निवडा की परतीची वाट धावपट्टीची रेषा ओलांडणार नाही. ती रेषा काढायला धावपट्टीवरचा आकडा पुरतो. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्वेकडे तोंड, आणि दुसऱ्या टोकाला २७. मोबाइलच्या नकाशावर दोन्ही टोकांकडून पट्टी सरळ लांबवून बघा तुमच्या वावरातून जाते का.

फवारणी चालू असताना गटातली एक ताई फक्त आकाश बघायला धुऱ्यावर उभी करा. ड्रोनकडे बघायचं काम तिला देऊ नका. ड्रोनच्या घरघरीत विमानाचा आवाज बुडतो आणि वाऱ्याच्या उलट बाजूने येणाऱ्या विमानाचा तर ऐकूच येत नाही. विमान दिसलं की फवारा बंद करून ड्रोन जागेवरच पिकाच्या उंचीला आणा किंवा उतरवा. परतीचं बटण दाबू नका, कारण त्याने ड्रोन आधी वर जातो. माणसं असलेल्या विमानाचा हक्क नेहमीच आधी, विमान बाजूला होईल अशी वाट बघायची नाही. वैमानिकाला पऱ्हाटीवरचा ड्रोन दिसतच नाही असं धरून चाला.

प्रश्न : निवडणुकीत शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं. त्याला हेच नियम लागू होतात का?
– वाचक, गडचिरोली

उत्तर : वाट देण्याचे नियम तेच. फरक असा की हेलिकॉप्टर कोणत्याही बाजूने, बरंच खालून येतं. विमानतळाजवळ त्यांचं सर्किटही बहुधा ५०० फुटांवर, विमानांच्या खाली असतं. जवळच्या धावपट्टीवर प्रशिक्षण चालू असेल तर हेलिकॉप्टरने त्याच फ्रिक्वेन्सीवर आपली दिशा आणि उंची सांगायला हवी, आणि संस्थेने सकाळीच तात्पुरत्या हेलिपॅडची माहिती विद्यार्थ्यांना द्यायला हवी. गावकऱ्यांसाठी एवढंच: हेलिकॉप्टर येणार असल्याचं कळलं की त्या दिवशी आसपासचे ड्रोन आणि पतंग खाली ठेवा, आणि मैदानाजवळची तणस, ताडपत्र्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आदल्या दिवशीच हलवा. पंख्याच्या वाऱ्याने त्या उडून पंख्यातच अडकतात.